गुलमर्गास चिरंजीवांसमवेत

१९२७ साली इंग्रजांनी जेथे स्की क्लब स्थापिला, त्या सुमारे २६५० मीटर उंचीवरील गुलमर्गास आम्ही सहकुटुंब आलो ते बर्फावर घसरण्याचा शौक पुरा करावयास. परंतु दोन वर्षांच्या चिरंजीवांनी सारे बेत आपल्या अखत्यारीत घेतले. बाहेर पडावयाचे म्हणजे एक स्वतंत्र मोहीमच: लोकरी बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर जाड कोट, शिवाय ज्याच्या घरात अंगठा कधीच नेमका शिरत नाही असा हातमोजा, आणि हा जामानिमा चढतो न चढतो तोच ‘शू’ असा हुकूम सुटतो. उंचावरची विरळ हवा एवढ्याशा जिवास सोसावयाची नाही, म्हणून अफरवट शिखराकडे जाणाऱ्या गोंडोला-रोपवेचा दुसरा टप्पा आम्ही मुळातच वर्ज्य मानला, आणि मी व सौभाग्यवती आळीपाळीने स्की बांधू लागलो. चिरंजीवांस हिमशिखरांचे यत्किंचितही अगत्य नाही. फिरन घातलेले चाचा लाकडी घसरगाडी ओढू लागले की स्वारी खुशीत, थांबले की आकांत. इतक्या लहान मुलास स्की शिकविण्याचा अट्टाहास हा, माझ्या मते, निव्वळ आईबापांचा नाद होय. आज चिरंजीवांनी मूठभर बर्फ चाखला, तोंड वाकडे केले, आणि वर साखर मागितली.