पोटरीकडे लक्ष असू दे

पुणे 30

प्रिय सखी,



परवा तुझा फोन आला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, म्हणून "पायाचं विशेष काही नाही गं" एवढ्यावर तुझी बोळवण केली. आता निवांत बसून लिहिते. डाव्या पोटरीवर निळ्या-हिरव्या शिरांची गुंतवळ झालीय, संध्याकाळपर्यंत पाय जड होतो आणि घोट्यावर मोज्याचा वळ उठतो. व्हेरिकोज व्हेन्स, दुसरं काय! मास्तर-मास्तरणी, केशकर्तनालयातले कारागीर, चौकातले ट्रॅफिक पोलीस, लक्ष्मी रोडवर काउंटरमागे दिवस काढणाऱ्या मुली, अशा उभ्या-उभ्या पोट भरणाऱ्यांना हे दुखणं हटकून गाठतं. आयुष्यभर फळ्यासमोर उभी राहिले, मी कशी सुटणार?

डॉक्टरांनी डॉपलर करायला सांगितलं. तपासणाऱ्या मुलीने घोट्याच्या आतल्या बाजूला गार जेल चोपडलं आणि पेनाएवढं यंत्र टेकवलं. स्पीकरमधून ठोक्यागणिक 'फट्‌, फट्‌' असा आवाज. ही रोहिणी, हृदयाकडून येणारी. मग यंत्र जरासं सरकवलं, तर सलग, खालच्या पट्टीतली घरघर. माझ्या श्वासाबरोबर कमी-जास्त होणारी. ही नीला, हृदयाकडे परतणारी. मग तिने मला उभं केलं, यंत्र मांडीवर धरलं आणि दुसऱ्या हाताने पोटरी पिळली. सूंऽऽ करून रक्त वर गेलं. हात सोडल्यावर खरं तर शांत व्हायला हवं होतं. माझ्या पायात मात्र पुन्हा आवाज आला, चांगला लांबलचक. ती म्हणाली, "आजी, हे खाली परत येतंय बघा. झडपा मिटत नाहीयेत."

घरी आले आणि इतकी वर्षं मुलांकडून घोकून घेतलेला धडा स्वतःसाठी उघडून बसले. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण 5 लिटर. हृदय एका ठोक्याला 70 मिलिलिटरच्या आसपास रक्त पुढे ढकलतं, मिनिटाला 70 ठोके धर, म्हणजे झाले जवळजवळ 5 लिटर. स्वस्थ बसलेल्या माणसाचं अख्खं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं. दिवसाचा हिशेब 7,000 लिटरच्या घरात जातो.

याच हिशेबाने विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने 1628 साली जुनी समजूत मोडीत काढली. तोवर युरोपातले वैद्य मानत, की यकृतात रक्त तयार होतं आणि अंगभर पसरून संपून जातं. हार्वेने विचारलं, अर्ध्या तासात हृदयातून जेवढं रक्त बाहेर पडतं, तेवढं तर अख्ख्या शरीरात नसतं. मग रोजच्या जेवणातून ते बनेल कसं? म्हणजे तेच रक्त फिरून फिरून येत असणार. शिवरायांच्या जन्माच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. पण रोहिणीतलं रक्त नीलेत शिरतं कुठून, ते त्याला अखेरपर्यंत दिसलं नाही. तो गेल्यावर, 1661 मध्ये, इकडे शाहिस्तेखान लाल महालात तळ ठोकून बसला होता तेव्हा, तिकडे इटलीत माल्पिगी या वैद्याने बेडकाचं फुफ्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि मधला दुवा पाहिला. त्या केशवाहिन्या. इतक्या अरुंद, की त्यातून जाताना तांबड्या पेशीला अंग मुडपावं लागतं, आणि भिंत इतकी पातळ, की प्राणवायू आणि साखर तिथेच पेशींच्या पदरात पडते. बाकी सगळ्या नळ्या आहेत त्या रक्ताला इथवर आणायला आणि इथून परत न्यायला.

हार्वेचा एक प्रयोग तू आत्ता करून बघ. जावयाला मदतीला घे. दंडावर रुमाल बांध, रक्त तपासायला बांधतात तितपतच घट्ट, आणि मूठ आवळ. हातावरच्या शिरा वर येतील, त्यात मधेमधे बारीक गाठी दिसतील. त्या झडपा. आता मनगटाकडच्या बाजूला एका शिरेवर बोट दाबून ठेव आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे, गाठीच्या पलीकडपर्यंत, रक्त निपटत ने. दुसरं बोट उचल. बोट आणि गाठ यांच्यामधला तुकडा रिकामाच राहील. वरचं रक्त खाली उतरणार नाही. खालचं बोट उचललंस, की डोळ्यांदेखत भरेल. रुमाल लगेच सोड हो! झडपा दिसतात कशा, हे हार्वेच्या गुरूने, फॅब्रिशियसने, आधीच लिहून ठेवलं होतं. त्या कशासाठी आहेत, ते मात्र शिष्याने ओळखलं.

पायात या झडपांचं काम फार अवघड. पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं ते निव्वळ उताराच्या जोरावर. एकही पंप नव्हता. आपल्या पायांतल्या रक्ताला उलटा, शनिवारवाड्याकडून कात्रजला चढायचा मार्ग आहे. हृदयाच्या धक्क्याचा जोर केशवाहिन्यांपर्यंत येता येता बहुतेक संपलेला असतो. मग वर ढकलतं कोण? पोटरी. चालताना तिचे स्नायू आवळले, की मधल्या खोल नीला पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. स्नायू सैल पडले, की झडपा मिटतात आणि ते खाली घसरत नाही. माणूस निश्चल उभा असला, तर घोट्याजवळच्या नीलांमधला दाब पाऱ्याच्या 80-90 मिलिमीटरवर जातो. तोच माणूस चालू लागला, की काही पावलांत तो 30 च्या आसपास उतरतो. औषध नाही, गोळी नाही, नुसती पावलं!

झेंडावंदनाच्या रांगेत दरवर्षी एखादं पोर धाडकन पडायचं, आठवतं? आपण सगळ्या "उपाशीपोटी आला असणार" म्हणून मोकळ्या व्हायचो. उपास आणि ऊन यांचा हात असतोच, पण सावधानमध्ये ताठ उभं राहिल्याने पोटरी थांबते, रक्त पायात साचतं, हृदयाला परत कमी मिळतं आणि मेंदूला त्याहून कमी. पडल्यावर शरीर आडवं होतं, रक्ताला चढ उरत नाही, आणि पोर डोळे उघडतं. म्हणून अशा मुलाला खुर्चीवर बसवायचं नाही. आडवं निजवून पाय वर धरायचे. परेडला उभं राहणाऱ्यांना बुटातल्या बुटात बोटं हलवत राहायला शिकवतात, त्याचंही कारण हेच. ही दोन वाक्यं प्रत्येक शाळेच्या फळ्यावर 14 ऑगस्टला लिहायला हवीत.

तू म्हणशील, खरी भीती रोहिण्यांची. हार्ट ॲटॅक तिथला, पक्षाघात तिथला. बरोबर. आणि त्याबद्दल सगळ्या जगाने ऐकावी अशी गोष्ट आपल्या पुण्यातलीच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी शेजारी उभं राहून काढलेला फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. दोघेही सडपातळ, उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच: 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2! वरून बारीक, आतून चरबीदार. पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून याज्ञिकांच्या गटाने आयांचा आणि बाळांचा पाठपुरावा केला, तेव्हा वजनाने कमी भरणाऱ्या बाळांतही ही चरबी आढळली. ही आतली चरबी मधुमेहाला वाट करून देते आणि रक्तातली साखर वाढली, की मोठ्या रोहिण्यांपासून डोळ्यांतल्या, मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांपर्यंत सगळ्यांच्या भिंती खराब होतात. तेव्हा "मी काय, काडीपैलवान" म्हणून साखर न तपासणाऱ्या आपल्या मंडळींना हे खडसावून सांग. तुझ्या ह्यांना आधी.

माझ्यापुरतं म्हणशील तर सध्या घट्ट मोजे आहेत. सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आत चढवायचे; चढवताना घाम निघतो. पुढेमागे लेझरने ती बिघडलेली शीर बंद करतील. वरवरची शीर बंद झाल्याने बिघडत नाही, कारण पायातलं बहुतेक रक्त खोल नीलांमधूनच जातं. ओट्याशी उभी असले, की टाचा वर-खाली करत राहते. सून हसते, हसू दे.

आता तुझं. डिसेंबरात येते आहेस, मेलबर्नहून इथवर म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस खुर्चीत. इतका वेळ पाय लोंबकळत राहिले, तर खोल नीलेत गुठळी होऊ शकते. आणि ती सुटली, तर वाटेतल्या नीला पुढेपुढे रुंदच होत जातात, त्यामुळे हृदयातून थेट फुफ्फुसात जाऊन अडकते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे तुझं, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना विचार. जागा कडेची घे, पाणी पीत राहा, तासाभराने उठून विमानाच्या टोकापर्यंत चालून ये, बसल्या जागी टाचा उचलत राहा. उतरल्यावर एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर "प्रवासाचा शीण" म्हणून तेल चोळत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तर क्षणाचाही विचार न करता हॉस्पिटल.

ह्यांचे आणि माझे नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
मास्तरीणबाई