साडेसहाशे आणि पंधराशे

ऑइल इंजिन म्हटले की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर विहीर येते, पाट येतो, ऊस येतो. आमच्या दर्यापूर तालुक्यात तसे चित्र नाही. आम्ही पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातली माणसे. विहिरीचे पाणी खारट. ते पिकाला द्यावे तर काळी जमीन वाया जाते. म्हणून आमचा कापूस आणि तूर पावसाच्या भरवशावर, हरभरा राहिलेल्या ओलीवर. आमच्या गावांत इंजिन दिसले ते बहुधा पिठाच्या गिरणीत.

माझ्या मामांच्या गिरणीत अशी दोन इंजिने होती. पहिले राजकोटी. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास जे संथ इंजिन बाजारात आणले, त्याच्या प्रतिकृती राजकोटच्या कारखान्यांनी पुढे अनेक वर्षे काढल्या. हे त्यांपैकी एक. सहा घोड्यांचे, मिनिटाला साडेसहाशे फेरे. वजन तीन क्विंटलांच्या वर आणि दोन्ही बाजूंना जात्याच्या तळीसारखी दोन जड चाके. दुसरे किर्लोस्करचे ए.व्ही.वन. ही कंपनी १९४६ सालची, खडकीची. हे इंजिन पाच घोड्यांचे, मिनिटाला पंधराशे फेऱ्यांचे, वजनाने पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी.

विजेवरची गिरणी आल्यापासून दोन्ही कोपऱ्यात होती. गेल्या उन्हाळ्यात मोटार जळाली, नवी घ्यायला पैसे कमी पडले, आणि एक इंजिन विकण्यावाचून मार्ग उरला नाही. मामा मला म्हणाले, “तू त कालेजात जाऊन रायला. पुस्तकं पाय अन् सांग, कोन्तं ठिवाव.”

कला शाखेच्या विद्यार्थ्याला इंजिनाची पारख करायला सांगणे म्हणजे कीर्तनकाराला बैलबाजारात धाडण्यासारखेच. परंतु माझी फी त्याच गिरणीतून येते. नाही म्हणण्याची सोय नव्हती.

मामांचा स्वतःचा कौल उघड होता. “जुन्याचे सहा म्हंजे आताचे दहा,” असे ते छातीठोकपणे सांगत. हे मला पटले नाही. घोडा हा शेवटी हिशेबाचा घोडा आहे. साडेसहाशे फेऱ्यांना सहा घोडे देणाऱ्या इंजिनाचा पीळ अधिक असतो हे खरे, किर्लोस्करच्या जवळजवळ तिप्पट. पण मधल्या पट्ट्याने आणि लहानमोठ्या पुल्यांनी ही तफावत मिटते. जात्याच्या दगडाला पाच ते पाच आणि सहा ते सहाच मिळतात. शिवाय मामींची डिझेलची वही पाहिली, तर सारखेच दळण असूनही किर्लोस्करला डिझेल कमी लागल्याचे दिसत होते. मामांनी ती वही कधी उघडली नव्हती.

मग जुन्याची ख्याती उगाचच म्हणायची काय? तसेही नाही. मामा तरुणपणी परतवाड्याला आरामशीनवर कामाला होते. मेळघाटचे सागवान तिथे चिरले जाते. लाकडात गाठ आली की आऱ्यावर एकदम भार पडतो. त्या क्षणी इंजिनाने नव्हे, चाकांत साठलेल्या वेगाने आरा पुढे जातो. जड चाकांचे इंजिन अशा वेळी कण्हत नाही. मामांनी ‘जुन्याचे बळ’ म्हणून जे पाहिले ते हेच होते. गिरणीत गाठी नसतात. ज्वारी एकसारखी पडते. तिथे त्या बळाचा उपयोग थोडाच.

आमच्या भागात जुन्या यंत्रांविषयी असा हळवेपणा आहेच. बनोसा स्टेशनवरून जाणाऱ्या, आता थांबलेल्या शकुंतला गाडीचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलेले. ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत चालले. डिझेल इंजिन आले आणि गाडीतला जीव गेला, असे म्हणणारे म्हातारे मी पुष्कळ ऐकले. त्यांच्यापैकी कोळसा टाकायला कुणी गेले नव्हते, एवढेच.

हिशेब मात्र मला वेगळ्याच जागी सापडला. संथ इंजिन तासाला ३९ हजार फेरे घेते, दुसरे ९० हजार. झीज त्या मानाने होणारच. आणि पाच घोडे काढायचे ते ५५३ घनसेंटिमीटरांच्या सिलिंडरातून. राजकोटीचा सिलिंडर १४०० च्या वरचा. थोड्या जागेत पुष्कळ उष्णता, आणि ती वाहून न्यायला आमचे पाणी! टाकीत खारे पाणी भरले की सिलिंडरभोवतीच्या पोकळीत क्षाराचा थर धरतो, आणि थर धरला की उष्णता बाहेर जात नाही. खार दोन्ही इंजिनांत बसे. परंतु संथ इंजिन ते सोसत असे. वेगवान इंजिन तापून दळण मध्येच थांबवी. दोष इंजिनाचा नव्हता. ज्याच्यातून पंपाचे गार, गोडे पाणी सतत वाहते त्या विहिरीवर ते उत्तमच चालेल. मामी पावसाचे पाणी ड्रमांत साठवून ठेवीत, ते प्यायचे की इंजिनाला घालायचे, यावरून घरात कितीदा भांडण झाले आहे.

मी मामांना सांगितले, की किर्लोस्कर चांगले आहे, म्हणून ते विका. ते माझ्याकडे बघतच राहिले. मी समजावले: राजकोटी विकले तर भंगारवाला लोखंडाच्या भावाने नेईल, किर्लोस्करला मात्र इंजिन म्हणून गिऱ्हाईक मिळेल. आपल्या पाण्याला राजकोटीच बरे.

अंजनगावकडच्या एका संत्रेवाल्याने ते नेले. त्याच्या विहिरीचे पाणी गोडे. मोटारीला लागणाऱ्या पैशांत थोडे कमी पडले, ते मामींनी बिशीतून घातले. वहीबद्दल मामा एकच वाक्य बोलले: “येवढं डिझेल त मले कदी दिसलंच नाई.”

जून लागता लागता वादळ आले, खांब पडले, दोन दिवस वीज नव्हती. गिरणीपुढे पिंपांची रांग लागली. वाल्व्ह उचलून मी धरला, मामांनी हँडल फिरवले. चौथ्या खेपेला इंजिन लागले. रांगेतली एक आजी म्हणाली, “बाप्पा, हे अजून हाये व्हय?” आणि तिने आपले पिंप पुढे सरकवले.