टिचकी

राहाता,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय मित्रा,



अक्षर बघून दचकू नकोस. माझं अक्षर सुधारलेलं नाही, हे थोरलीचं आहे. मी ओट्यावर बसून सांगतोय, ती लिहून घेतेय. अकरावीला आहे, त्यामुळे मधेच माझ्या चुकाही काढते. सांगेन तेवढंच लिही, पदरचं घालू नकोस, असं बजावलंय. तुझे फोन मी घेतले नाहीत म्हणून तू रागावला असशील. गड्या, स्क्रीनवर नाव कुणाचं ते दिसत नव्हतं आणि अनोळखी नंबर मी घेत नाही, हे तुला माहीतच आहे.

टीबी झाल्याचं तुझ्या वहिनीकडून तुला कळलंच. फुफ्फुसाचा आहे. आषाढात गोळ्या सुरू झाल्या. आशाताई घरी येऊन विचारपूस करून जातात, सरकारचे महिन्याचे हजार रुपये खात्यात येतात. खोकला थांबला, ताप गेला, भूक लागायला लागली. रॉबर्ट कॉखनं या रोगाचा जंतू १८८२ सालीच जगाला दाखवला, तरी आमच्या भावकीत माझं ताट-वाटी वेगळं ठेवावं का यावर अजून खल चालतो. हा रोग हवेतून पसरतो, ताटातून नाही आणि औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांत पसरण्याची भीतीही बरीच ओसरते. हे मी सगळ्यांना सांगून दमलो. आता ताट वेगळंच असतं, आणि त्यात सगळ्यांत आधी वाढलं जातं, म्हणून तक्रार नाही.

डोळ्यांचं दिवाळीच्या सुमाराला सुरू झालं. पेपर वाचताना शब्दाचं मधलं अक्षर गळायला लागलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून काचा पुसत बसलो. मग थोरलीनं दारात रांगोळी काढली, तिच्यातली हिरवी पानं आणि लाल फुलं मला एकाच मातकट रंगाची दिसली. मी म्हणालो, रंग आणायला पैसे नव्हते का? ती माझ्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांची पानं पुढे धरली. जपानच्या शिनोबू इशिहारांनी १९१७ मध्ये केलेली ती चाचणी, अजून तीच चालते. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, धडधाकट डोळ्याला तो चटकन दिसतो. पहिलं पान मी ओळखलं, मग एकापाठोपाठ एक नुसते ठिपके. डॉक्टरांनी विचारलं, टीबीचं औषध घेताय का?

त्या गोळीत चार औषधं एकत्र असतात. त्यांतलं एक एथॅम्ब्युटॉल. क्वचित ते डोळ्याच्या नसेवर उतरतं. शरीरातल्या तांब्या-जस्तासारख्या धातूंना ते धरून ठेवतं आणि नसेच्या पेशींचं काम बिघडतं, असं मानतात. आपण राहुरीच्या विद्यापीठात फवारणीचं प्रमाण शिकलो, त्याच हिशेबानं मी घरी गणित मांडलं. दिवसाला चार गोळ्या, एकीत एथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ११००. माझं वजन तेव्हा ५१ किलो. किलोमागे साधारण एकवीस-बावीस. प्रमाण चुकलेलं नव्हतंच. पण हे औषध मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि माझ्या साखरेनं मूत्रपिंडं आधीच मंदावलेली. शेतातलं पाणी मागच्या चारीतून निघालंच नाही, तर मापात सोडूनही साचणारच. पहिल्या दोन महिन्यांनंतर चारातलं एक औषध कमी होतं, पण ते हे नव्हे. हे शेवटपर्यंत चालू राहतं. नजर आधी तपासून घ्या आणि रंग फिके वाटले तर लगेच या, एवढं सुरुवातीला कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. लघवी केशरी होईल, घाबरू नका, हे मात्र सगळ्यांनी सांगितलं होतं. गंमत म्हणजे पुढे तोही केशरी रंग मला दिसेना.

एथॅम्ब्युटॉल त्याच दिवशी बंद झालं. बाकीची औषधं चालू आहेत. शेजारच्यांचा सल्ला होता, सगळ्याच गोळ्या फेकून दे. फेकल्या असत्या तर आज औषधाला न जुमानणारा टीबी घेऊन बसलो असतो. एकत्र गोळीची पट्टी गेल्यामुळे आता औषधं सुटी येतात. लांबट कॅप्सूल आणि बारकी गोळी, बोटांना बरोबर कळतात. नजर बहुतेकांची काही आठवडे-महिन्यांत परत येते. सगळ्यांची पूर्ण येतेच असं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते आडपडदा न ठेवता सांगितलं म्हणून मला बरं वाटलं.

आता दिसतं कसं, ते तुला नीट सांगतो, कारण सगळे विचारतात ‘अंधार वाटतो का?’ अंधार नाही. माणूस समोर उभा राहिला की दोन्ही कान दिसतात आणि मधलं तोंड पुसलेलं. सरळ बघितलं की गायब, जरा बाजूला बघितलं की कडेनं सापडतं. म्हणून मी आता बोलणाऱ्याच्या खांद्याकडे बघतो. आमच्या सोसायटीच्या सचिवाला वाटलं मी त्याला टाळतोय.

डाळिंबाचा मृगाचा बहार तोडणीला आला होता आणि मालकाला लाल-हिरवं कळेना. रात्रभर डोळा लागला नाही. व्यापारी बागेत उभं राहून ‘भगव्याला रंग आलाय’ म्हणणार आणि मी हो म्हणणार, अशी वेळ येते की काय! आपल्याच विद्यापीठातला हा वाण, त्याचं अर्धं मोल रंगात. मग एके सकाळी एकटाच झाडाखाली जाऊन बसलो आणि फळ हातात घेतलं. आपल्या सरांनी पक्वतेची लक्षणं शिकवली होती, आठवतात? टोकाच्या पाकळ्या मिटून आत वळतात. फळाचा गोलपणा जाऊन अंगाला चपट्या कडा येतात. आणि टिचकी मारली की धातूसारखा खणखणीत आवाज येतो. कच्चं फळ मात्र बदबद बोलतं. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे सगळं मी कधी वापरलं नव्हतं, कारण डोळा लगेच निकाल देऊन टाकायचा. पहिल्या दिवशी बरीच फळं चुकली. आठवडाभरात तोडणाऱ्या बायका माझी टिचकी ऐकून थांबायला लागल्या. एक मावशी तर म्हणाल्या, दादा, तुम्ही दिसत होतं तेव्हा इतकं बारीक बघत नव्हता.

पूर्वी टीबीला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं असायची, त्यांनी कान जायचे. माझे कान शाबूत आहेत. डाळिंबवाल्याला हा सौदा वाईट म्हणता येणार नाही.

मात्र तेल्या रोगाचा डाग टिचकीनं कळत नाही. तिथं दुसऱ्याच्या डोळ्यांवरच भागवावं लागतं, आणि खरी अडचण इथंच आहे. आजारी माणसापुढे सगळे गोड बोलायला लागतात. बाग कशी आहे? छान. फळ कसंय? एकदम छान. या ‘छान’चं मी काय करू? शेवटी थोरलीला बसवून सांगितलं, मला डाग कुठं आहे ते सांग. देठाकडे की टोकाकडे, केवढा, कडेला पिवळसर वलय आहे का, मधे तडा गेलाय का. आता ती असं सांगते की मी फवारणी ठरवू शकतो. दुसरी ओळ किती वाईट आहे तेही सांगते. ऐकवत नाही, पण उपयोग त्याचाच होतो.

सांगण्यावरून आठवलं. तुझ्या वहिनीचं माहेर नेवाशाचं. मागे तिथं गेलो तेव्हा पैसाच्या खांबासमोर बसलो होतो. ज्ञानोबांनी शके १२१२ मध्ये तिथं गीतेचा अर्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतला. या दिवसांत एक गोष्ट डोक्यात घोळतेय. ती अख्खी गीता एका आंधळ्या बापाला दुसऱ्यानं सांगितलेली आहे. आणि संजय सुरुवातीलाच त्याला काय ऐकवतो? शंख. कुणी कुठला फुंकला, नावानिशी. ऐकणाऱ्याला काय पोचेल हे त्याला कळत होतं. पांढरे घोडेही येतात मधे, पण राजाला बरं वाटावं म्हणून तो कौरवांची बाजू रंगवत नाही. शेवटी विजय कुठे आहे तेही राजाच्या तोंडावर सांगतो. धृतराष्ट्रानं ऐकून केलं काय, तो भाग वेगळा. आपण त्यानं हातात बाग घेतली असती तर काय झालं असतं, याचा विचार करू नये.

परवाच्या तपासणीत ठिपक्यांतले दोन आकडे दिसले. एक ओळखला की आठवला, याची मला खात्री नाही, तसं डॉक्टरांना सांगितलं. ते हसले आणि पानांचा क्रम बदलून पुन्हा विचारलं. तरी एक आला. जानेवारीत परत बोलावलंय.

तू नाताळच्या सुट्टीत येशील तर दोन दिवस हातात ठेवून ये. खालच्या प्लॉटमधला तेल्या तुझ्या नजरेनं बघून हवाय, आणि माझ्यापुढे ‘छान’ म्हणायचं नाही. पुढचा बहार धरायचा की झाडांना विश्रांती द्यायची, हे त्यावर ठरवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
राहात्याचा मित्र

ता. क. काका, हे माझं. बाबा आत गेलेत. त्यांनी सांगितलं नाही, पण गेल्या आठवड्यात ते मोटारसायकल घेऊन एकटे खालच्या प्लॉटला जाऊन आले. वाट पाठ आहे म्हणाले. आईला अजून माहीत नाही. मी चावी लपवलीये, पण तुम्ही आल्यावर एकदा ओरडा. आणि दुसऱ्या ओळीत डाग सात झाडांवर आहेत, ते त्यांना मी सांगितलंय.