मांजरसुंब्याच्या घाटात
मे महिन्यात आपांचा मुलगा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर लागला. आपांना घोर लागला, म्हणून रविवारी आम्ही बीडहून त्याच्या शेजारी बसलो. निघण्याआधी त्याने टायर ठोकून पाहिले, ब्रेकच्या हवेच्या टाकीत साचलेले पाणी सोडले. घाटावरच्या गावात निम्मे पाणी उतरवले. उरलेले परतीच्या वाटेवरच्या वस्तीला द्यायचे होते.

"मामू, भरलेल्यापेक्षा अर्धी टाकी वाईट. ब्रेक मारला की पाणी पुढे धावतं, गाडीला ढकलतं."

उतार लागण्याआधीच त्याने खालचा गिअर टाकला. इंजिन घुरघुरत गाडी आवरू लागले. (आमचा हात मात्र दांडीवरच!) आठवड्यापूर्वी इथेच उतारावर गिअर बदलायला गेला नि गाडी न्यूट्रलमध्ये सुटली होती, हे त्याने पायथ्याशी सांगितले.

आपांना आम्ही ते अजून सांगितलेले नाही.