रांजणाचा तळ

2016 चा उन्हाळा आम्ही लातुरात काढला. मांजरा धरण आटलं होतं, नळाला महिनोन्महिने पाणी नव्हतं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, 10 वाघिणींत 5 लाख लिटर. आमच्या घराला आठवड्याला एक पिंप मिळायचं, 200 लिटरचं. टँकर आला की आधी प्यायचं पाणी फडक्याने गाळून रांजणात ओतायचो, उरलेलं वापरायला. आधीचं दोन तांबे शिल्लक असलं तर त्यावरच नवं ओतायचं. पाणी फेकायची कुणाची छाती होती?

मे महिन्यात धाकट्याला जुलाब लागले. दोन दिवसांत पोराचे डोळे खोल गेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लवकर जागेवर जाईना. सलाईन लावावं लागलं. मी सगळा राग टँकरवर काढत होते. डॉक्टरांनी विचारलं, "घरात पाणी कशात साठवता? आणि काढता कसं?" काढता कसं, म्हणजे काय? तांब्याने!

शेजारी विज्ञानाच्या बाई राहायच्या. त्यांनी पाणी तपासायच्या दोन छोट्या बाटल्या आणून दिल्या. विष्ठेतून येणारे बरेच जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, तो बाटलीतल्या लोहक्षाराला लागला की पाणी काळं पडतं. एकीत टँकरच्या पाइपचं पाणी भरलं, दुसरीत रांजणातलं. झाकणं घट्ट लावून कपाटावर ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं, तर टँकरची बाटली होती तशीच होती. रांजणाची शाईसारखी काळी झाली होती.

त्या रात्री आत्याबाई पाणी घेताना मी पहिल्यांदा नीट पाहिलं. तांब्या बुडाला, त्याबरोबर चार बोटंही बुडाली. माझीही तशीच बुडायची. पोराचं दुपटं बदलून हात जेमतेम विसळायचे, कारण साबण लावला तर तो धुवायला तांब्याभर पाणी जाणार. पाण्याची काटकसर करता करता आम्हीच पाण्यात घाण कालवत होतो. त्यात टँकरच्या पाण्याला औषधाचा वास यायचा, म्हणून रांजण रात्रभर उघडा ठेवायचो. तो वास क्लोरीनचा. पाण्याची राखण करणारं तेवढंच होतं, तेही आम्ही उडवून लावत होतो.

सकाळी रांजण रिकामा केला. आत हात घातला तर तळाला बुळबुळीत थर लागला, शेवाळासारखा. काथ्याने तीनदा घासला. आत्याबाई काठावर हात ठेवून उभ्या होत्या. एवढं पाणी गेलं म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काही बोलले नाही.

त्यानंतर तोटी बसवलेली टाकी आणली. धाकट्याचं पाणी खळखळ उकळून, त्याच भांड्यात झाकून ठेवू लागले. आणि काटकसर कपड्यांत केली, भांड्यांत केली, हात धुण्यात पुन्हा केली नाही.

गाळलेलं पाणी स्वच्छ दिसतं, पण फडक्यातून जंतू आरपार जातात. भारतीय मानकाप्रमाणे प्यायच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू एकही चालत नाही. तुमच्या घरी माठ असेल, रांजण असेल, गच्चीवर टाकी असेल. आज ती रिकामी करा आणि आतून तळाला एकदा हात लावून बघा.