भिंतीवरची आत्या

तुमच्या घरात उंचीच्या खुणांची भिंत आहे का? आमच्याकडे आहे.

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या घाटाकडे जाणाऱ्या उतारावर आमचं जुनं घर. विटा मातीत रचलेल्या आणि वरून चुन्याचा गिलावा. दर दिवाळीच्या पाडव्याला आजोबा मुलांना माजघराच्या भिंतीपाशी उभं करायचे, डोक्यावर पट्टी धरून खिळ्याने रेघ ओढायचे आणि शेजारी साल कोरायचे. बाबांच्या रेघा वर वर चढत गेल्या. आत्याच्या मात्र तीन फूट दहा इंचांवर थांबल्या. आठ वर्षांची असताना ती तापाने गेली. मी तिला पाहिलेलं नाही. माझ्यासाठी आत्या म्हणजे त्या सहा रेघा. घराला चुना मारताना आजी तेवढा भाग नेहमी सोडायला लावायची.

ऑगस्ट 2019 मध्ये महापूर आला. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. तेव्हा पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. आमच्या घरात ते चार फूट चढलं. मी सातवीत होते.

पाणी ओसरलं, आम्ही चिखल उपसला. गणपती तोंडावर आले होते. बाबा म्हणाले, "सिमेंटचा गिलावा करून टाकू आणि वर रंग देऊ."

गवंडीमामांनी थापीच्या दांड्याने भिंत ठोकून पाहिली. कुठे 'टण' आवाज येई, कुठे 'बद'. 'बद' म्हणजे गिलावा आतून सुटलेला!

"दादा, गडबड करू नका," मामा म्हणाले. "भित अजून पाणी पिऊन बसलीया. वरनं सिमेंट थापलं तर वल आतच कोंडती. मग लोणा फुलतोय आणि रंगाचं पोपडं पडत्यात."

लोणा म्हणजे भिंतीतले क्षार. ते पाण्यात विरघळून पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून गेलं की त्यांचे स्फटिक बनतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर निघू शकते, म्हणून जुन्या भिंतीला चुनाच बरा.

आत्याच्या रेघांपाशीही आवाज आला – 'बद'. आजी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "घर पडलं तरी चालेल, हे काढायचं नाही!"

कुणी काही बोललं नाही. बाकीच्या भिंती खरवडल्या. त्या वर्षी गणपती उघड्या विटांच्या घरात बसले. दसऱ्याच्या सुमाराला आजीच्या भिंतीवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागली. एके दिवशी केर काढताना मला खाली एक पोपडा सापडला. त्यावर आत्याची सगळ्यात खालची रेघ होती. आजीने तो ओंजळीत घेतला आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

त्या रात्री मला झोप येईना. तेवढ्यात आठवलं, आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतो तेव्हा छाप उमटतो की! सकाळी मी भिंतीवर पातळ कागद लावला आणि हलक्या हाताने पेन्सिल घासली. आजोबांचं अक्षर, पाच रेघा, सालं, सगळं जसंच्या तसं उमटलं. सहावी रेघ पोपड्यावरून घेतली. आजीने कागदावरून हात फिरवला. मग मामांना म्हणाली, "काढा आता."

भिंत वाळायला महिने लागले. मामांनी एक युक्ती शिकवली. रात्री प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी भिंतीला चिकटवायचा. सकाळी आत थेंब दिसले, तर भिंत अजून ओली! जानेवारीत एकदाचे थेंब थांबले.

मग चुना आणि वाळूचा गिलावा चढला. चुनखडी भाजून कळीचा चुना होतो, पाणी घातलं की तो रटरटतो. भिंतीवर लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत तो हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो, म्हणजे दगडच! गिलावा ओला होता तोवर आजीने कागद समोर धरला, पट्टीने माप घेतलं आणि खिळ्याने सहा रेघा ओढल्या. हात थरथरत होता, पण रेघा सरळ आल्या. पुढे चिमूटभर नीळ घालून बाकीच्या भिंतीला चुन्याचे तीन हात दिले.

जुलै 2021 मध्ये पुन्हा महापूर आला. आजीने सगळ्यात आधी माळ्यावर काय पाठवलं असेल? कागदाची ती गुंडाळी! पाणी उतरल्यावर दोन-तीन ठिकाणी गिलावा सुटलेला दिसला. आजी मात्र थेट आपल्या भिंतीपाशी गेली आणि बोटाच्या पेराने ठोकून तिने कान लावला.

टण!

"शाबूत आहे गं पोरगी," आजी म्हणाली, आणि खराटा घेऊन चिखल काढायला लागली.