स्वीडनचे शेजार
प्रवासाची दैनंदिनी : भाग दुसरा

सोमवार, माल्मो

ओरेसुंडच्या सामुद्रधुनीवर 2000 साली जवळजवळ आठ किलोमीटरचा पूल झाला. तो पेबरहोल्म या कृत्रिम बेटावर उतरतो आणि पुढची सुमारे चार किलोमीटर वाट समुद्राखालच्या बोगद्यातून डेन्मार्कला जाते. माल्मोत राहून कोपनहेगनला नोकरीला जाणारे हजारो लोक आहेत. एवढं पाहून वाटतं, हे तर एकमेकांचे भाऊबंदच; धर्म एक, भाषा जवळजवळ सारख्या, सलोखा असायचाच. इतिहास मात्र याला दुजोरा देत नाही. 1397 च्या काल्मार संघाने डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन एकाच राजसत्तेखाली आणले. 1520 मध्ये डॅनिश राजा दुसरा ख्रिश्चन याने स्टॉकहोममध्ये स्वीडिश सरदारांची आणि धर्मगुरूंची कत्तल केली आणि तीन वर्षांत स्वीडन कायमचं वेगळं झालं. माल्मो ज्या स्कोने प्रांतात आहे, तो तर 1658 च्या रोस्किल्ड तहापर्यंत डेन्मार्कचाच होता. भाऊबंद होते म्हणूनच वाटणीसाठी इतके लढले, असं म्हणणं अधिक खरं ठरेल.

मंगळवार, कार्लस्टाड

सलोख्याचं मूळ या शहरात सापडतं. 1814 पासून नॉर्वे स्वीडिश राजाच्या छत्राखाली होता. 1905 च्या ऑगस्टमधल्या सार्वमतात 3,68,208 नॉर्वेजियनांनी फारकतीच्या बाजूने मत दिलं, विरोधात अवघ्या 184 जणांनी. दोन्हीकडे सैन्याची जमवाजमव झाली होती. तरीही कार्लस्टाडच्या वाटाघाटींत सीमेवरचे किल्ले निकामी करायचं आणि सीमेलगत निर्लष्करी पट्टा राखायचं ठरलं. श्रीमंत देशांना असा समजूतदारपणा परवडतो, हा आक्षेप इथे लागू पडत नाही. त्या काळात दोन्ही देशांतून लाखो माणसं पोटासाठी अमेरिकेला जात होती.

गुरुवार, हापारांडा

नदीपलीकडे फिनलंडचं टोर्निओ. तिथे घड्याळ एक तास पुढे, चलन युरो, इकडे क्रोना. फिनिश भाषेचं स्वीडिशशी कुळाचं नातं नाही. रक्ताच्या आणि भाषेच्या नात्यावरच शेजार टिकत असता, तर तो इथे सर्वांत कच्चा असायला हवा होता. पण 1952 पासून नॉर्डिक नागरिक पासपोर्टविना ये-जा करू लागले आणि 1954 पासून एकमेकांच्या देशांत परवान्याशिवाय नोकरी करू लागले, त्यात फिनलंडही होता. त्याआधी, 1921 मध्ये, ओलांड बेटांचा वाद राष्ट्रसंघापुढे गेला. बेटांवरचे लोक स्वीडिश बोलणारे, तरी बेटं फिनलंडकडे राहिली; बदल्यात त्यांना स्वायत्तता आणि भाषेचं संरक्षण मिळालं. स्वीडनने निकाल मानला.

2016 मध्ये निर्वासितांच्या प्रश्नावरून स्वीडनने ओरेसुंड ओलांडणाऱ्यांची ओळखपत्रं तपासायला सुरुवात केली, तेव्हा हा सलोखा वरवरचा असल्याची टीका झाली. ती अर्धीच खरी आहे. सोय मोडली, रोजच्या प्रवाशांचे हाल झाले. पण 2017 च्या मे महिन्यात ती ओळखपत्र-सक्ती उठली, आणि वाद चर्चेच्या मेजावरच राहिला. पुढे 18 मे 2022 रोजी स्वीडन आणि फिनलंड यांनी नाटोच्या सदस्यत्वाचे अर्ज एकत्रच दिले.